मास्तर, किडे आणि असई



दिवाळीनंतर इथं काहीच लिहिलं नाही, म्हणून धाकट्या बहिणीनं परवा फोनवर विचारलं, "दादा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. लिहायचं बरंच होतं, पण ज्या विषयावर लिहायचं तो विषय माझ्या वयाला शोभेल की नाही, अशी शंका होती. शेवटी म्हटलं, ७४ व्या वर्षी शोभेचा विचार कशाला करायचा! तर मंडळी, आज एका सिनेमाविषयी. मारामारीच्या सिनेमाविषयी. परग्रहावरचे हत्तीएवढे किडे आणि त्यांच्याशी लढणारी माणसं, असा तो सिनेमा आहे. हसून घ्या. मग पुढं वाचा.

दिवाळीत नातू आला होता. यंदा अकरावीला आहे. पहिले दोन दिवस फराळ, फटाके, मित्र यांत गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "आबा, एक भारी पिक्चर दाखवतो." सिनेमाचं नाव 'स्टारशिप ट्रूपर्स'. अमेरिकेत तो ७ नोव्हेंबर १९९७ ला लागला होता. म्हणजे नातवापेक्षा वयानं मोठा. माझं इंग्रजी मराठी माध्यमाच्या बी.ए.एवढं. खाली अक्षरं उमटत होती आणि अडलं तिथं नातू सांगत होता. आमची ही पहिल्या दहा मिनिटांतच उठली. "सणासुदीचं काय हे रक्त आणि हातपाय बघता," असं म्हणून स्वयंपाकघरात गेली ती गेलीच. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सिनेमात माणसांचे अक्षरशः तुकडे होतात.

मी मात्र शेवटपर्यंत बसलो. उठताच येईना. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी गोष्ट थोडक्यात. काळ तेविसाव्या शतकातला. साऱ्या पृथ्वीचं एकच सरकार आहे. मतदानाचा हक्क फक्त सरकारी सेवा, म्हणजे मुख्यतः सैन्यातली सेवा, केलेल्यांना. बाकीचे नुसते रहिवासी. ब्यूनोस आयर्स शहरात राहणारा रिको नावाचा मुलगा शाळा संपवून सैन्यात भरती होतो. एका दूरच्या ग्रहावर प्रचंड किड्यांची जात आहे. तिथून आलेल्या उल्केनं ब्यूनोस आयर्स बेचिराख होतं, निदान सरकार तरी तसं सांगतं. मग युद्ध. पहिल्याच हल्ल्यात एका तासात एक लाख सैनिक मरतात. तरी युद्ध चालूच राहतं, आणि शेवटी रिको अधिकारी होऊन आपल्याहून कोवळ्या पोरांना घेऊन लढायला निघतो. संपला सिनेमा.

मधूनमधून सरकारी बातम्या आणि जाहिराती दाखवतात. एका जाहिरातीत गणवेश घातलेलं एक लहान पोरगं 'मीसुद्धा माझा वाटा उचलतोय' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतं आणि भोवतीचे सैनिक कौतुकानं हसतात. दुसऱ्या एका दृश्यात पृथ्वीवरची लेकरं रस्त्यावरची झुरळं पायाखाली चिरडत आहेत आणि शेजारची बाई आनंदानं बेभान झाली आहे. झुरळांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी? पण युद्धकार्यात लेकरांचाही सहभाग!

त्या वेळच्या समीक्षकांना हा सिनेमा पसंत पडला नाही, असं नातवानं शोधून सांगितलं. रॉजर ईबर्ट हे अमेरिकेतले फार नावाजलेले परीक्षक. त्यांनी चारपैकी दोनच तारे दिले. वॉशिंग्टन पोस्टमध्ये तर या सिनेमाचा आत्माच नाझी आहे, अशा अर्थाची टीका आली. दिसायला देखणी पण मठ्ठ नटमंडळी, किड्यांची कत्तल आणि रक्ताचे पाट, यापलीकडे त्यात काही नाही, असा एकूण सूर होता. सुमारे १० कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमानं अमेरिकेत साडेपाच कोटींच्या आसपासच कमावले. ऑस्करसाठी नाव गेलं ते फक्त दृश्य-करामतींकरता, आणि तिथंही 'टायटॅनिक'पुढं टिकाव लागला नाही. पुढे वर्षं गेली तसं या सिनेमाबद्दलचं मत बरंच बदललं म्हणतात. पण मला त्या मताशी काही देणंघेणं नाही. मी माझं सांगतो.

मला उठू दिलं नाही ते त्यातल्या मास्तरनं.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक वर्ग आहे. रासचॅक नावाचे इतिहासाचे मास्तर. माजी सैनिक, एक हात तुटलेला. आवाज खणखणीत. मुलं जीव कानात आणून ऐकत आहेत. एक मुलगी म्हणते, माझी आई म्हणते की हिंसेनं कुठलाच प्रश्न सुटत नाही. मास्तर तिला हिरोशिमाचं उदाहरण देतात. त्या शहराच्या कारभाऱ्यांना हे विचारून बघा, असं म्हणतात. इतिहासात जेवढे प्रश्न बळानं सुटले तेवढे दुसऱ्या कशानंच सुटले नाहीत, असा त्यांचा सिद्धान्त. वर्ग गप्प होतो. तास संपतो. पुढं त्या वर्गातली मुलं भरतीच्या रांगेत उभी.

मी ३४ वर्षं इतिहास शिकवला. मला त्या मास्तरचा वर्ग आवडला, हे आधी कबूल करतो. कसा वर्ग बांधून ठेवलाय! एकही मूल खिडकीबाहेर बघत नाही. कुठल्याही शिक्षकाला हेवा वाटावा. आणि नेमकं तेव्हाच नातू म्हणाला, "आबा, बरोबरच बोलतोय ना मास्तर? यात चूक काय आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. चूक आहे हे कळत होतं, पण ती नेमकी कुठं हे तोंडाशी येईना. कारण मंडळी, मीही तोच वर्ग घेत होतो.

आमच्या जाफराबादजवळच असई आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं लहानसं गाव. बाहेरच्यांना ठाऊक नसलं तरी इंग्रजांच्या लष्करी इतिहासात या गावाला मोठा मान आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं की, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? तर तो एकच शब्द म्हणाला अशी आठवण आहे : असई. वॉटर्लू नव्हे, असई!

पाठ्यपुस्तकात या लढाईला जेमतेम एक ओळ मिळायची. इतकी मोठी गोष्ट आपल्या उंबऱ्याशी घडली आणि मुलांना तिचं काही नाही, याची मला चीड यायची. मग मी दर वर्षी नववीच्या मुलांना सायकलींवर असईला न्यायचो. नदीच्या काठावर उभं करायचो आणि लढाई सांगायचो. हातवारे करून, आवाज चढवून. वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा. त्याच्याजवळ प्रत्यक्ष लढाईत साडेचार हजारांच्या आसपास कवायती सैन्य आणि शिवाय म्हैसूरचे व त्याच्या बाजूला आलेले मराठी घोडेस्वार. समोर कित्येक पटींनी मोठी फौज, त्यात पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखालच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. त्यानं तर्क केला की, गावं समोरासमोर आहेत त्या अर्थी माणसं येत-जात असणार आणि त्या अर्थी पाण्याला उतार असणार. उतार निघाला. फौज पार झाली.

हे सांगितलं की पोरांचे डोळे लकाकायचे. मग मी शिंद्यांच्या गोलंदाजांचं सांगायचो. तोफा सोडल्या नाहीत, तोफेशीच पडले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढं गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागल्या. इथं टाळ्या पडायच्या. नंतर काठ्या घेऊन लुटुपुटीची लढाई. इंग्रज व्हायला कुणी तयार नसायचं, चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. सगळा दिवस मजेत जायचा. येताना पोरं घोषणा देत सायकली हाणायची. इतका चांगला वर्ग मी दुसरा कुठला घेतला नाही, असं मला निवृत्त होईपर्यंत वाटत होतं.

त्यातला एक विद्यार्थी १९८० च्या दशकात पायदळात भरती झाला. नाव लिहीत नाही. भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला. तिथं सुरुंगावर पाय पडला आणि गुडघ्याखालून एक पाय गेला. परत आल्यावर काही महिन्यांनी तो पेढे घेऊन मला भेटायला आला. कुबड्या भिंतीला टेकवून बसला. चहा झाला. जाताना वाकून नमस्कार करायला लागला, मी नको नको म्हणत होतो. तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही असईला नेलं होतं ना, तिथंच ठरवलं होतं मी."

त्यानं हे कृतज्ञतेनं म्हटलं. तक्रारीचा लवलेश नव्हता. पुढं त्याचं चांगलं झालं, संसार झाला, मुलं शिकली. गावात त्याला मान आहे आणि तो रास्त आहे. मी फौजेच्या विरुद्ध नाही, हे इथंच स्पष्ट करतो. सीमेवर कुणीतरी उभं असतं म्हणून मी इथं ओट्यावर बसून लिहितो. पण त्या दिवशी तो गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. मी त्याला त्या नदीकाठी खरं काय सांगितलं होतं? आणि काय सांगितलं नव्हतं?

आता सिनेमातलं एक दृश्य ऐका. रिको भरतीच्या कचेरीत जातो. टेबलामागचा सैनिक त्याच्याशी हात मिळवतो, तो हात धातूचा. पायदळात निघालास म्हणून शाबासकी देतो आणि म्हणतो की, या पायदळानंच मला घडवलं, आज मी जो आहे तो त्याच्यामुळे. आणि मग कॅमेरा जरा सरकतो तर त्याला दोन्ही पाय नाहीत. बस्स. कुणी काही बोलत नाही. संगीत थांबत नाही. रिको कागद घेऊन पुढं जातो.

नातू हसला. दृश्य तसं विनोदीच आहे, त्याला दोष नाही. मी हसलो नाही. पेढ्याचा पुडा आणि भिंतीला टेकवलेल्या कुबड्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या.

मंडळी, त्या परीक्षकांचं इथं चुकलं असं मला वाटतं. त्यांनी सिनेमा काय *म्हणतो* ते ऐकलं, पण तो काय *दाखवतो* ते पाहिलं नाही. सिनेमातलं प्रत्येक माणूस युद्धाची भलावणच करतं हे खरं आहे. पण प्रत्येक भलावणीच्या पुढच्याच दृश्यात एखादा हात, पाय किंवा मुंडकं तुटून पडलेलं असतं. मास्तरना एक हात नाही. भरती करणाऱ्याला पाय नाहीत. शिक्षण देणारा सुभेदार शिकवता शिकवता एका पोराचा हात मोडतो आणि दुसऱ्याच्या तळहातात सुरी रुतवतो. सराव चालू असताना एक पोरगं आपल्याच माणसाच्या गोळीनं मरतं. शेवटी तर ते मास्तरच युद्धात अधिकारी म्हणून परत येतात, जमिनीखालून आलेला किडा त्यांचे पाय ओढून नेतो आणि ते आपल्याच विद्यार्थ्याला मला गोळी घाल म्हणून सांगतात. विद्यार्थी घालतो. वर्गात ऐकलेल्या त्या भाषणाचा शेवट असा. म्हणून मला त्यातलं रक्त फालतू वाटत नाही. रक्त काढून टाकलं असतं तर तो खरोखरच भरतीच्या जाहिरातीचा सिनेमा झाला असता.

एक बारीक गोष्ट आणखी. युद्ध नेमकं कुणी सुरू केलं? बातम्यांमधून ओझरतं कळतं की आधी माणसंच किड्यांच्या प्रदेशात वस्ती करायला गेली होती. एक वार्ताहर हे बोलूनही दाखवतो की किड्यांना आपणच डिवचलं, असं काहींचं मत आहे. त्यावर रिको त्याला तोडून टाकतो की, मी ब्यूनोस आयर्सचा आहे, सगळ्यांना मारा! विषय तिथंच संपतो. शोक झालेल्या माणसापुढं प्रश्न विचारणाऱ्याचं काही चालत नाही. हे काय फक्त तेविसाव्या शतकातच घडतं?

दिग्दर्शकाविषयी वाचलं तेव्हा तर खात्रीच पटली. पॉल व्हर्होव्हेन. जन्म १९३८ चा, ॲम्स्टरडॅमचा. लहानपण हेग शहरात गेलं आणि ते शहर तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथून जर्मन लोक लंडनवर व्ही-२ अग्निबाण सोडायचे, म्हणून दोस्तांची विमानं तिथं बॉम्ब टाकायला यायची. ३ मार्च १९४५ ला इंग्रजी विमानांचा नेम चुकला आणि हेगमधल्या राहत्या वस्तीवर बॉम्ब पडले. पाचशेच्या आसपास माणसं मेली. मारणारे शत्रू नव्हते, सोडवायला आलेले मित्रच होते. सहा-सात वर्षांच्या त्या मुलानं जळती घरं आणि रस्त्यावरची प्रेतं पाहिली होती. पुढे तो लायडनला गणित आणि भौतिकशास्त्र शिकला आणि मग सिनेमाकडं वळला. असा माणूस सैनिकांना नाझींसारखे काळे लांब कोट घालतो, १९३५ च्या जर्मन प्रचारपटासारखी दृश्यं मुद्दाम रचतो, आणि परीक्षक म्हणतात, बघा हा नाझींचं कौतुक करतोय! ज्यानं घराच्या दारात नाझी पाहिले, त्याला ते काळे कोट कशाची आठवण देतात हे कळत नसेल का?

मूळ कादंबरी रॉबर्ट हाइनलाइन यांची, १९५९ ची. ते स्वतः अमेरिकी नौदलाच्या प्रबोधिनीत शिकलेले. त्यांनी ती सैनिकी कर्तव्याच्या बाजूनं मनापासून लिहिली होती. दिग्दर्शकाला ती पुरती वाचवलीही नाही म्हणे. त्यामुळे कादंबरीचे चाहतेही चिडले. म्हणजे एका बाजूनं युद्धाचं कौतुक म्हणून मार, आणि दुसऱ्या बाजूनं युद्धाची टिंगल म्हणून मार. दोन्हीकडून मार खाणाऱ्याबद्दल मला पहिल्यापासून थोडी माया वाटते. :)

आता कुणी म्हणेल की, इतका आडवळणाचा अर्थ सामान्य प्रेक्षकाला कसा कळावा? सरळ सांगायला काय झालं होतं? याचं उत्तर द्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. त्यांचं 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. महाभारतातली सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. नाटकात कर्झनचं नाव नाही, इंग्रजांचं नाव नाही. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते समजलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पुढे १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हाच प्रसंग 'सैरंध्री' या मूकपटात घेतला. भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य त्यांनी इतकं हुबेहूब उभं केलं की प्रेक्षक हादरले आणि त्या दृश्याला कात्री लागली. तोच सिनेमा पाहून लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमाकेसरी' म्हणून गौरवलं. म्हणजे पडद्यावरची हिंसा आणि तिच्याआडचा दुसरा अर्थ, या दोन्ही गोष्टी आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेल्या आहेत. आमचे आजे-पणजे काही पदवीधर नव्हते. त्यांना कळलं.

पण इथं एक फरक आहे आणि तो मला बऱ्याच विचारानंतर सापडला. 'कीचकवधा'त कीचक दुसरा कुणीतरी होता. साहेब होता. प्रेक्षक भीमाच्या बाजूनं बसला होता, म्हणून त्याला अर्थ पटकन कळला आणि गोडही लागला. 'स्टारशिप ट्रूपर्स' बघणाऱ्याला मात्र अशी सोय नाही. त्यात ज्याच्याकडं बोट दाखवलंय तो स्वतः प्रेक्षकच आहे. किडा मेला की टाळी वाजवणारा. मला वाटतं, परीक्षकांना राग आला तो यामुळेही असेल. दुसऱ्यावरचं व्यंग कळायला वेळ लागत नाही. आपल्यावरचं असलं की आपण म्हणतो, सिनेमा वाईट आहे.

या बचावातली पडती बाजू मी लपवणार नाही. माझा नातू टाळ्या वाजवत होता. किडे फुटत होते आणि तो खूश होता. मास्तर बरोबर बोलतोय असं त्याला वाटलं. त्याच्यासारखी हजारो पोरं जगभर असतील, त्यांनी आतला अर्थ कधीच पाहिला नसेल. ज्या औषधानं दहाजणांना गुण येतो आणि शंभरजणांना नशा चढते, ते औषध म्हणायचं का? परीक्षकांच्या बाजूनं हा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की टाळी वाजवून झाल्यावर शेजारी बोलायला कुणीतरी असावं. सिनेमा प्रश्न टाकून मोकळा होतो. पुढचं काम घरातल्या माणसांचं आणि शिक्षकांचं.

म्हणून भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला म्हटलं, "चल, असईला जाऊन येऊ." त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो. पाऊस यंदा बरा झाला होता, केळणेला थोडं पाणी होतं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. जुन्या जागी उभा राहिलो आणि त्याला लढाई सांगितली. पण या वेळी सगळी सांगितली.

नदी ओलांडताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं उडालं आणि धड तसंच घोड्यावर राहिलं, हे सांगितलं. ७४ वी हायलँडर पलटण वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि तिच्या सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेच्या आसपास तासाभरात मेली किंवा जखमी झाली, हे सांगितलं. वेलस्लीचे १५८४ ठार, जखमी वा बेपत्ता. इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्यांतही बरेचसे मद्रासकडचे शिपाईच होते, आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे मुलगे, हेही सांगितलं. शिंद्यांच्या ९८ तोफा हाती लागल्या, त्या तोफांची मोजदाद चोख आहे. आपल्या बाजूची बाराशेच्या आसपास माणसं मैदानावर मेली म्हणतात. जखमी होऊन ओढ्याकाठी, शेतात, बोरीबाभळीत जाऊन मेलेल्यांची मोजदाद नाही. जे गोलंदाज तोफेशी पडले, ज्यांच्यासाठी माझी पोरं टाळ्या वाजवायची, त्यांतल्या एकाचंही नाव मी वर्गात कधी सांगू शकलो नाही. इंग्रजांनी आपल्या पलटणींना 'असई' हा शब्द आणि हत्तीचं चिन्ह निशाणावर मिरवायला दिलं. आपल्याला पाठ्यपुस्तकातली एक ओळ मिळाली.

आणि एक गोष्ट, जी मला ठाऊक असून मी मुलांना कधीच सांगितली नव्हती. ज्या वेलस्लीला असई ही आपली सर्वांत चांगली लढाई वाटायची, त्यानंच नंतर एका पत्रात लिहिलं होतं की, २३ सप्टेंबरला झालं तसं नुकसान मला पुन्हा बघायचं नाही, मग त्याबरोबर तसाच विजय मिळणार असला तरी. जिंकलेला सेनापती हे लिहितो. आणि मी, दोनशे वर्षांनंतरचा शाळामास्तर, मुलांना काठ्या वाटत होतो. हे वाक्य मी का गाळायचो? कारण त्यानं तास पडला असता. पोरांचे डोळे लकाकले नसते. बस्स, इतकंच कारण.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, म्हणजे तो मास्तर खोटं बोलत होता का?"

या वेळी मला उत्तर देता आलं. म्हटलं, खोटं नाही, अर्धं बोलत होता. बळानं प्रश्न सुटतात हे इतिहासात अनेकदा घडलं आहे. असईनंतर अडगाव, मग गाविलगड, मग डिसेंबर १८०३ मधले तह, आणि दख्खनचा प्रश्न इंग्रजांपुरता सुटत गेला. पण प्रश्न सुटला म्हणजे कुणाचा सुटला, आणि त्याची किंमत कुणी दिली, हे त्या मास्तरनं वर्गाला विचारू दिलं नाही. हिरोशिमाबद्दल त्या मुलीला गप्प केलं. खरं तर तिथंच तास सुरू व्हायला हवा होता. माझाही व्हायला हवा होता.

परत येताना त्या विद्यार्थ्याच्या घरावरून आलो. तो अंगणात तूर वाळत घालत होता. हाक मारली, "या सर, चहा घेऊन जा." बसलो. नातवाची ओळख करून दिली. चहा झाल्यावर मी त्याला विचारलं, जे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, की बाबा, तिथं काय झालं होतं ते सांगशील? तो जरा थांबला. मग सांगायला लागला. दोन तास सांगत होता. ते मी इथं लिहिणार नाही, ते त्याचं आहे. नातवानं मोबाइल एकदाही खिशातून काढला नाही.

तर मंडळी, सिनेमा चांगला की वाईट, हे तुम्ही ठरवा. रक्त फार आहे, जपून बघा. लहान लेकरांना दाखवू नका, आणि मोठ्यांबरोबर बघितलात तर बघून झाल्यावर लगेच टीव्ही बंद करून जेवायला उठू नका. थोडं बोला. मला मात्र तो आवडला असं म्हणण्यापेक्षा, त्यानं माझा एक राहिलेला तास माझ्याकडून घेववला, असं म्हणेन.

असो. फार लांबलं. पुढच्या खेपेला काहीतरी गोड लिहितो, नाहीतर बहीण पुन्हा तब्येत विचारायची.

चूकभूल द्यावी घ्यावी.